दाराच्या आतली नववी ओळ

आमची साक्षी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, त्या श्रावणात मी नांदेडला दयानंद गुरुजींच्या घरी पॉलिशचं काम धरलं. स्वयंपाकघरातली सागवानी कपाटं पिवळट झाली होती. त्यांना गडद वॉलनट रंग हवा होता.

शाळेला निघताना गुरुजींनी चिठ्ठी दिली. "शेषेराव, कोणतं दार घासायचं नाही ते लिहिलंय."

मला तेव्हा वाचता येत नव्हतं. एकसष्ट वर्षांच्या माणसानं ते कसं सांगावं? चिठ्ठीवर नजर फिरवली, मान हलवली, खिशात घातली. दुपारपर्यंत सगळी दारं काचपेपरनं घासून काढली. ओट्यावरच्या एका दाराला आतून शाईच्या आठ ओळी होत्या. किराणाची यादी असेल, म्हणून त्याही घासल्या आणि रंगाचा पहिला हात दिला.

गुरुजींची मुलगी वर्षाराणी चहा घेऊन आली. "मामा, किती काळं करून राहिले? आजीला डबे सापडायचे न्हाईत." मग म्हणाली, "ते लिहिलेलं दार सोडलं ना? घरातल्या गेलेल्यांची नावं अन् तिथ्या हायत त्यावर. आजीनं लिहिल्यात. पितरपाटात श्राद्धाला लागतात."

"हाव, सोडलंय," मी म्हणालो.

कप ओट्यावर ठेवून मी ब्रश उचलला.

दुसऱ्या दिवशी ते दार उघडलं, तर गडद रंगातून ओळी वर आल्या होत्या. फिकट, कोऱ्या लाकडासारख्या. बोट फिरवलं, सगळं गुळगुळीत. शाई आत मुरली असेल, अशी समजूत घातली. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. माझं खोटं झाकलं गेलं होतं.

ओळी मोजता येत होत्या. नऊ भरल्या.

नववीचं वळणही तेच होतं, डावीकडं झुकलेलं. घरच्यांनी पाहिली असती तर विचारलं असतं, आणि मग सगळंच बाहेर आलं असतं. मी तेवढ्याच ओळीवर रंग दिला. वाळला की ती परत वर यायची. तीन हात झाले. शेवटी काचपेपरच्या पाठीवर पेन्सिलीनं ती ओळ चित्रासारखी उतरवून घेतली, घरी साक्षीला विचारू म्हणून.

मागं वर्षाराणी उभी होती. "बघू मामा, तिथ्या नीट हायत का."

मी ओळीवर तळहात दाबला. लाकूड गार होतं. "रंग ओला हाय, पोरी. लांबूनच बघ."

तिनं आठ ओळी पाहिल्या आणि हसून गेली.

मी हात उचलला. खाली काहीच नव्हतं.

साक्षीला विचारलं नाही. ती म्हणाली असती, "आबा, वाचता येत न्हाई तर चिठ्ठी घेतली कशाला?" काचपेपर पिशवीच्या तळाशी गेला.

यंदा साक्षरतेच्या वर्गाला बसलो. जोडाक्षरं जमू लागल्यावर तो काढला. बोट ठेवून वाचला.

नाव वर्षाराणीचं होतं. पुढं तिथी. ती मला पाठ होती. तिच्या तेराव्याला मी जेवून आलो होतो.

वर्षाराणी मी ते दार रंगवलं त्याच सालच्या माघ वद्य अष्टमीला, सकाळी, भोकरच्या रस्त्यावर अपघातात गेली. तिला तेविसावं चालू होतं.