काणा ट्रक

आधीच सांगतो, ही गोष्ट मी ऐकली ती ज्याच्यावर बेतली त्याच्याच तोंडून.

माझे मावसे, रुपराव. नागपुरात ट्रक चालवायचे. थापा मारायचे, नाही असं नाही. पण त्या थापांमध्ये ते नेहमी वाघ असायचे. ह्या गोष्टीत ते वाघ नाहीत. म्हणून माझा हिच्यावर विश्वास आहे.

साल १९७२. जानेवारी महिना, संक्रांत होऊन पाच दिवस झालेले. वार बुधवार.

जागा म्हणाल तर काटोल रस्ता. नागपूर सात-आठ मैलांवर राहिलं की एक बुटका पूल लागतो. खाली नाला, बाजूला आठ-दहा घरांची वस्ती. बाकी सगळा अंधार.

आता थोडं मागचं सांगावं लागेल.

डिसेंबरात लढाई झाली. गाड्यांचे दिवे वरून अर्धे काळे करा, असा हुकूम निघाला. कोणी रंग लावला, कोणी कागद चिकटवला. आमच्या रुपरावांनी काय करावं? रस्त्याच्या कामावर पिंप होतं, त्यातलं डांबर उचललं आणि फासलं. डाव्या दिव्याला जरा बेतानं. उजव्याला मात्र पुरतं. अर्धं-बिर्धं मोजत कोण बसतो.

लढाई पंधरा दिवसांत आटोपली. डावा दिवा खरवडून साफ झाला. उजव्यावरचं डांबर थंडीनं दगड झालं होतं.

"संक्रांत होऊ दे, मंग पाहू," रुपराव म्हणाले.

सिंधूमावशी कसली गप्प बसते. "ट्रक काणा अन् डायवर आळशी. छत्तीस गुण जुळले वं माय."

हसण्यावारी गेलं ते. पण एकच दिवा दिसला की समोरचा काय समजतो? फटफटी येतेय. फटफटीला कितीशी जागा लागते? तो आपला खुशाल रस्त्याच्या मधून येतो. आणि त्या एका दिव्याच्या शेजारी, अंधारात, अख्खा ट्रक असतो.

हे रुपरावांना कळत नव्हतं असं नाही. वीस वर्षं चाक हातात होतं.

त्या बुधवारी नरखेडकडून संत्री भरून ते निघाले. एकटेच. पुलाजवळ आले तेव्हा सात वाजले असतील. धुकं उतरायला लागलं होतं.

पुलाचा चढ आला…

टिंग.

सायकलची घंटी. अगदी त्यांच्या बाजूला, खिडकीखाली.

आणि लगेच एक गचका.

फार मोठा नाही. दगडावरून चाक जावं तेवढा.

रुपरावांचा पाय ॲक्सिलेटरवरून उठला. गाडी मंदावली. त्यांनी मान बाहेर काढून मागे पाहिलं.

काही दिसलं नाही. नुसतं काळं.

"कुत्रं असन," ते मोठ्यानं म्हणाले. गाडीत ऐकायला कोणी नव्हतं.

आणि पाय पुन्हा ॲक्सिलेटरवर गेला. हे सांगताना मावसे नेहमी स्वतःच्या पायाकडे बघायचे. तो पाय दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा.

त्या रात्री त्यांना झोप आली नाही. सायकलवाल्यानं दिवा लावायला नको का, असं ते स्वतःशीच भांडत राहिले. कुत्रं असतं तर एवढं भांडावं लागलं नसतं, हेही त्यांना कळत होतं.

शनिवारी पुन्हा तोच रस्ता.

पूल जवळ आला. आधी रातकिडे ओरडत होते. इंजिनच्या आवाजातही ते ऐकू येतात, ज्यानं गाडी चालवली त्याला माहीत आहे.

ते थांबले. सगळे, एकदम.

मग…

टिंग. टिंग.

समोर कोणी नाही. मागे कोणी नाही. रुपरावांनी गाडी दामटली ती थेट नाक्यापर्यंत.

मंगळवारी तेच. पण ह्या वेळी घंटी पूल ओलांडल्यावरही वाजत राहिली. सावकाश. एकदा वाजायची, मग बराच वेळ काही नाही. संपलं म्हणेपर्यंत पुन्हा एकदा. दमलेल्या माणसानं वाजवावी तशी. ट्रक चाळीसच्या वेगात होता आणि घंटी मागे पडत नव्हती.

थांबायची त्यांची छाती झाली नाही. पाचावर धारण बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुपरावांनी रॉकेल आणि दाढीची पत्ती घेतली आणि उजव्या दिव्यावरचं डांबर काढायला बसले. बैल गेला नि झोपा केला.

काच साफ झाली. बंपरच्या मागे काहीतरी चमकलं. त्यांनी हात घातला.

सायकलची घंटी होती. बुडाशी पट्टी तुटलेली. एका बाजूनं चेपलेली.

मावसे म्हणायचे, खरं सांगतो, आधी बरं वाटलं. भूत-बित काही नाही. पुलावर खड्डा आहे, गचका बसतो, अडकलेली घंटी वाजते. झालं.

मग हातातल्या घंटीचा अर्थ डोक्यात शिरला आणि ते तिथंच मातीत बसले.

सिंधूमावशी बाहेर आली. तिनं घंटी पाहिली, त्यांचं तोंड पाहिलं. सगळं ऐकून घेतलं. रडली नाही, ओरडली नाही.

"जा," म्हणाली. "कोणाची हाय ते पाहून या. मंग मले तोंड दाखवा."

घंटी रुमालात बांधून ते सायकलनं निघाले. दुपारी वस्तीवर पोचले. विचारावं लागलंच नाही. पहिल्याच घरासमोर पुढचं चाक वाकलेली सायकल भिंतीला टेकवून ठेवली होती.

ओट्यावर एक बाई बसली होती. बायजाबाई तिचं नाव. नवरा देवाजी, नागपुरात सुतारकामाला जायचा. मागच्या बुधवारी पुलावर अपघात झाला, त्यात गेला. कोणत्या गाडीनं उडवलं, पत्ता नाही.

रुपरावांनी सांगितलं की ते देवाजीच्या ओळखीचे आहेत. बाईनं पाणी दिलं. आणि बोलायला लागली. तिला कोणाजवळ तरी बोलायचं होतं.

"त्याईले पुलावर बसाची सवय होती भाऊ. कोणी भेटलं का गप्पा. मी अथून हाका मारो. मंग ते घंटी वाजवत. आलो, आलो, म्हणून. पन येत नसत."

रुपराव मान खाली घालून ऐकत होते.

"त्या दिवशी बी वाजली. भाकरी थंड होऊन राहिली अन् हे घंटी वाजवून राहिले. मले राग आला. म्हटलं बसा तथीच. दार लावून घेतलं मी."

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"रातभर वाजत होती भाऊ. थांबे, मंग वाजे. मले वाटे, माही मस्करी करून राहिले. मी उठलीच नाही. उजाडल्यावर गेली तं नाल्यात पडून होते."

रुपरावांचा हात रुमालावर गेला.

कारण घंटी त्यांच्या रुमालात होती. बुधवारी संध्याकाळपासून ती ट्रकला अडकून नागपुरात होती. बाईनं रात्रभर ऐकलं ते खरं असूच शकत नव्हतं. ती उगाच स्वतःला जाळत होती. नवरा हाका मारत राहिला आणि मी दार लावून घेतलं, हे घेऊन ती जन्म काढणार होती.

रुमाल सोडला तर जेल. नाही सोडला तर ह्या बाईची कधी सुटका नाही.

मावसे म्हणायचे, आयुष्यात एकदाच धाडस केलं. रुमाल सोडला.

"बाई, तुमी आयकलं तो भास होता. घंटी हे घ्या. माह्या ट्रकमधी अडकली होती. मीच होतो तो. ते जागीच गेले असन. त्याईनं तुमाले हाक मारलीच नाही."

बायजाबाईनं घंटी हातात घेतली. उलटीसुलटी करून पाहिली. शिव्या नाही, आरडाओरडा नाही. रुपराव म्हणायचे, तिनं दगड उचलून घातला असता तर बरं झालं असतं.

"जागी नाही गेले," ती म्हणाली. "डाक्टरनं सांगतलं, पहाटपर्यंत जीव होता. कोणी आलं असतं तं वाचले असते."

भरदुपार होती. वस्तीतली कोंबडी माती उकरत होती. कोंबडी एकदम थांबली…

"मी गेली तवा सायकल अंगावर होती. त्याईचा अंगठा हँडलवर होता. जथी घंटी राहते, तथी. मले तवा समजलं नाही, घंटी कुठं गेली. नुसता दांडा होता. अन् दाबून दाबून अंगठा काळा पडला होता."

ती रुपरावांकडे बघत राहिली.

"घंटी तुमच्यापाशी होती. मंग मी रातभर काय आयकलं?"

 

रुपराव तिथूनच ठाण्यात गेले. शिक्षा झाली, भोगली. सुटल्यावर चाकाला पुन्हा हात लावला नाही. पण वस्तीवर गेले, एकदा तिला भेटायला.

बायजाबाई सांगत होती की अजून वाजते. कधी महिन्यानं, कधी लागोपाठ चार दिवस. वाजली की ती कंदील घेऊन पुलावर जाते.

"कोणी दिसते?"

"नाही."

"मंग काहून जाता?"

"एक डाव नाही गेली ना," ती म्हणाली.

हे सगळं रुपरावांनी मला १९८४ साली सांगितलं, अंगणात बाजेवर बसून. मी तेव्हा नवी फटफटी घेतली होती आणि काटोल रस्त्यानं जाणं-येणं सुरू झालं होतं. आजही तो पूल आला की माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो. मी कान देऊन ऐकतो. ऐकू यावं की येऊ नये, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या दिवशी मी रुपरावांना विचारलं होतं, "तुम्हाला पुन्हा कधी आली का ऐकू?"



"तिच्यासंग गेलो होतो गा एक डाव. कंदील माह्याच हातात होता. ती म्हणे, आयका, वाजून राहिली. तिले येत होती आयकू. मी रातभर थांबलो पुलावर."

त्यांनी पायाकडे पाहिलं.

"मले काहीच आयकू आलं नाही."