परक्या पायाची सवय

पुलाच्या चढावर एक जुनी पांढरी ऑटोमॅटिक गाडी अडली होती आणि तिच्यामागे अर्धं गाव हॉर्न वाजवत होतं. आतला माणूस अ‍ॅक्सिलरेटर दाबत होता. इंजिन जिवाच्या आकांताने ओरडत होतं, पण गाडी पुढे जायचं नाव घेत नव्हती. उलट इंचाइंचाने मागेच सरकत होती.

तिने स्कूटर कडेला लावली आणि काचेवर टकटक केली.

"आधी तो पाय काढा."

काच खाली आली. आत गोल चष्म्यामागे दोन घाबरलेले डोळे होते. "पाय काढला तर मागे जाईल ना गाडी?"

"मग ब्रेकवर ठेवा. आणि पार्कमध्ये टाका… हां. आता श्वास घ्या."

त्याने खरंच श्वास घेतला. ती वाकून गाडीखाली बघत होती. रस्त्यावर लाल थेंबांची माळ लागली होती.

"तेल गळतंय गिअरबॉक्सचं. कधीपासून?"

"मला वाटलं, ते दुसऱ्या कुणाचं असेल."

"सगळ्यांना तसंच वाटतं," ती म्हणाली, आणि हसू दाबत तिने गॅरेजला फोन लावला.

गॅरेज तिच्या बाबांचं. बाबा इंजिन बघायचे आणि गिअरबॉक्स तिच्याकडे असायचे. शेजारी आत्याचं सुट्या भागांचं दुकान होतं. दोन्हींच्या मधल्या भिंतीला एक खिडकी होती. तिच्यातून बेअरिंगं, वॉशर आणि आत्याची मतं अलीकडे यायची. यांतलं फक्त शेवटचं न मागता मिळायचं.

पांढऱ्या गाडीचा मालक चष्मे करणारा निघाला. बाजारामागच्या गल्लीत त्याचं लहानसं दुकान होतं. गाडी त्याच्या काकांची. काकांचे गुडघे थकले तेव्हा त्यांनी किल्ली पुतण्याच्या हातात ठेवली आणि सांगितलं, "हिला विकू नकोस, आणि दामटू नकोस."

तिने गळणारं सील बदललं, तेलाची चाळणी बदलली, नवं तेल भरलं. मग त्याला हाक मारली, कारण गाडी जुनी असली की तिच्यापेक्षा मालकाला शिकवावं लागतं, असं तिचं मत होतं.

"इंजिनचं तेल गाडी बंद करून बघतात. हिच्या गिअरबॉक्सचं तसं नाही. इंजिन चालू हवं, गरम हवं, जमीन सपाट हवी. गिअरचा दांडा सगळ्या गिअरमधून सावकाश फिरवून परत पार्कमध्ये आणायचा, म्हणजे तेल कानाकोपऱ्यात पोचतं. मग ही तेल मोजायची पट्टी काढायची, पुसायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा काढायची."

तिने पट्टीवरचा एक थेंब पांढऱ्या कागदावर टेकवला. थेंब हळूहळू पसरला… लाल, नितळ.

"असा दिसला की तब्येत ठीक. तपकिरी दिसला आणि करपल्याचा वास आला, की समजायचं आत काहीतरी जळतंय."

"किती जवळून बघायचं?"

"नाकाजवळ धरा."

"तुमच्या, की माझ्या?"

ती कागदाकडेच बघत राहिली. खिडकीपलीकडे आत्याने वॉशरचा डबा उगाचच खुळखुळवला.

"आणि पाय," ती घाईने म्हणाली. "झोपलेल्या बाळावर पांघरूण घालतो ना, तितक्या हळू दाबायचा. या गिअरबॉक्सला छोटासा मेंदू आहे. घरातली माणसं कशी एकमेकांची पावलं ओळखतात, तसा तो चालवणाऱ्याचा पाय ओळखायला लागतो. पाय शांत असेल तर पुढचा गिअर लवकर टाकतो. उतावळा असेल तर इंजिनाला आधी पुरतं पळवून घेतो."

"म्हणजे गाडीला माणसाची सवय लागते?"

"लागते."

"आणि माणसाला?"

"माणसं माझ्याकडे दुरुस्तीला येत नाहीत," ती म्हणाली. पण तिचे कान लाल झाले होते, कागदावरच्या थेंबासारखे.

त्यानंतर तो दर आठवड्याला यायला लागला. कधी पट्टी नीट पुसली का ते दाखवायला, कधी गाडीखाली कागद पसरून एकही थेंब पडला नाही हे सांगायला. एकदा तिच्या वेल्डिंगच्या चष्म्याची सैल दांडी त्याने तिथेच बसून घट्ट करून दिली. चष्मा तिच्या कानामागे बसवताना त्याची बोटं क्षणभर थबकली…

"टोचतंय का?"

"नाही."

खरं तर दांडी थोडी टोचत होती. पण टोचतंय म्हटलं असतं तर त्याने हात काढला असता. नाही म्हटलं, तरी काढलाच.

मग तो यायचा थांबला. त्यात त्याचा दोष नव्हता. गाडी बरी झाली होती. तिने काम इतकं चोख केलं होतं की त्याला यायला कारणच उरलं नव्हतं.

"जरा कच्चं ठेवायचं होतंस," आत्या खिडकीतून म्हणाली.

"आत्या, मी गाड्या दुरुस्त करते."

"तेच तर. अति शहाणा त्याचा बैल रिकामा."

पावसाळी हवेच्या एका दुपारी गाडी पुन्हा दारात आली. तो जरा वाळलेला वाटला.

"गिअर बदलताना धक्के देतेय," तो म्हणाला. तिच्याकडे न बघता.

तिचं काळीज एक गिअर वर गेलं. "चालवून बघते. तुम्ही बसा."

ती आत बसली आणि तिचे गुडघे स्टिअरिंगवर आपटले. सीट पार पुढे ओढलेली होती. आरसा खाली झुकवलेला होता. तिने सीट मागे सरकवली आणि गाडी रस्त्यावर काढली.

गाडी दुसऱ्याच कुणाची तरी झाली होती.

पूर्वी ही गाडी अलगद गिअर बदलायची, कूस बदलावी तशी. आता दुसऱ्या गिअरलाच धरून बसत होती. इंजिन कर्कश ओरडेपर्यंत सोडत नव्हती, आणि मग धाडकन तिसरा टाकत होती. त्याचा पाय तिने स्वतः शिकवला होता. तो असा नव्हता. हा कुणातरी घाईच्या, हट्टी माणसाचा पाय होता. माणसाचा की बाईचा?

परत आल्यावर तिने हात पुसत पुसत विचारलं, "गाडी आणखी कुणी चालवतं का?"

तो दचकला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "नाही… म्हणजे… नाही."

दोन नकारांच्या मधे 'म्हणजे' आलं, की समजायचं ते समजावं.

"ठेवून जा," ती म्हणाली. "उद्या देते."

तो गेल्यावर खिडकी उघडलीच. आत्याला सगळं सांगावं लागलं.

"सीट पुढे? म्हणजे बुटकी आहे," आत्याने निकाल दिला.

"आणि उतावळी."

"आरसा खाली म्हणजे सारखी स्वतःचं तोंड बघत असणार. अगं हो, त्याच्या दुकानात फ्रेमी दाखवायला नवी मुलगी ठेवलीय म्हणे. स्टुलावर चढल्याशिवाय वरच्या फळीला हात पोचत नाही तिचा."

लोक सुतावरून स्वर्ग गाठतात. तिने सुतावरून सवत गाठली.

संध्याकाळी बाजारात तिचं काहीही काम नव्हतं. तरी ती त्या गल्लीतून गेली. काचेपलीकडे तो उभा होता, आणि समोर एक ठेंगणी, हसरी मुलगी. तो तिच्या नाकावर एक फ्रेम बसवत होता. मग त्याने दांडी तिच्या कानामागे हलकेच दाबली. ती मुलगी काहीतरी म्हणाली आणि दोघं हसले.

टोचतंय का, असंच विचारलं असेल.

ती तशीच गॅरेजवर आली. स्कॅनरची वायर तिने गाडीला जोडली. गाडीच्या मेंदूत साठलेली पायाची सगळी ओळख एका बटणाने पुसता येते. पुसली, की तिला नव्याने शिकवावं लागतं: मालकाने मोकळ्या रस्त्यावर, सावकाश, सगळ्या गिअरमधून नेऊन. तोवर गाडी बावचळलेली असते, म्हणून आधी आपण चालवून तिचे दणके मवाळ केल्याशिवाय ती गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची नाही, हा गॅरेजचा नियम. तो तिनेच केलेला होता.

तिने बटण दाबलं. त्या ठेंगण्या पायाची एकूण एक खूण गेली. क्षणभर फार बरं वाटलं. मग लक्षात आलं, त्याचीही गेली, तिने शिकवलेली.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा तिने किल्ली टेबलावर ठेवली. "झालंय. न्या."

"इतकंच?"

"मग काय, मिरवणूक काढू?"

तो किल्ली घेऊन उभाच राहिला. काहीतरी बोलणार होता. मग गेला.

तासाभरात त्याचा फोन आला. "मी दवाखान्याच्या वाहनतळात आहे. काकांना तपासणीला आणलंय, ते आत आहेत. गाडी…" तो थांबला. "गाडी मला ओळखतच नाहीये. रिव्हर्समध्ये टाकली तर असा दणका बसला की मागच्या भिंतीला लागता लागता वाचली."

तिच्या हातातला पाना खाली पडला. भिंतीऐवजी तिथे कुणी उभं असतं तर? काकाच उभे असते तर? आता खरं सांगितलं तर तो या गॅरेजची पायरी पुन्हा चढणार नाही, आणि नाही सांगितलं तर तिलाच ती चढवणार नाही.

ती पोचली तेव्हा भुरभुर सुरू झाली होती. तो गाडीला टेकून भिजत उभा होता.

"गाडीचा दोष नाही," ती स्कूटरवरून उतरता उतरताच म्हणाली. "माझा आहे. मी तिची ओळख पुसली आणि शिकवायच्या आधीच तुमच्या हातात दिली. असं करायचं नसतं, हे मला माहीत होतं."

"मग का केलंत?"

"कारण…" तिने रुमालाने उगाच दाराची कडी पुसली. "त्यात दुसऱ्या कुणाचा तरी पाय होता. मला तो सहन झाला नाही. तुमची गाडी, तुम्ही कुणालाही चालवायला द्या, मला काही… पण मला नाही सहन झालं. बस."

त्याच्या चष्म्यावर थेंब जमत होते आणि तो ते पुसत नव्हता.

"कुणाचा पाय?"

"तुमच्या दुकानातल्या त्या मुलीचा."

"तिला सायकलसुद्धा येत नाही."

"सीट पुढे होती."

"माझीच." त्याने मान खाली घातली. "गाडी बिघडतच नव्हती. मी रोज तेल बघायचो, रोज लाल. मग म्हटलं, तुम्ही जे शिकवलंत त्याच्या उलट करू या. रोज सकाळी बाह्यरस्त्यावर जाऊन पाय दाबायचो. पण मला वेगाची भीती वाटते. म्हणून पुढे सरकून, नाक काचेला लावून बसायचो. तसं बसल्यावर मागचं दिसेना, म्हणून आरसाही वाकवला."

तिला डोळ्यांसमोर ते दृश्य दिसलं: स्टिअरिंगला पोटाशी धरून, डोळे विस्फारून, जिवावर उदार होऊन गाडी बिघडवणारा हा भित्रा माणूस. तिला हसावं की रागवावं कळेना. आधी राग आला.

"क्लच जळाले असते आतले. माहितीये? खाजवून खरूज काढायची ती या म्हाताऱ्या गाडीची?"

"मग काय करायचं होतं मी?"

"नुसतं यायचं होतं."

"कारण नसताना?"

"हो," ती म्हणाली. आवाज इतका खाली आला की तो तिच्याकडे झुकला. "कारण नसताना."

भुरभुर थांबत आली होती. दवाखान्याच्या दारातून एक आजोबा काठी टेकत बाहेर आले, दोघांकडे बघितलं, आणि "माझं अजून रक्त तपासायचं राहिलंय वाटतं," असं म्हणून पुन्हा आत वळले.

"काका," तो म्हणाला.

"समजूतदार आहेत."

तिने वाहनतळात आधी स्वतः गाडी दोनचारदा हलकेच पुढेमागे करून तिचे दणके मवाळ केले. मग किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली, या वेळी टेबलाचा आडोसा न घेता. "काकांना घरी सोडा. मग मोकळ्या रस्त्यावर न्यायची आहे. सावकाश. आता ती पहिल्यापासून शिकेल."

"किती वेळ लागतो?"

"पाय कसा आहे त्यावर."

"आणि तुम्ही शेजारी बसायचं असतं का? तसा नियम आहे?"

तिने पलीकडचं दार उघडलं, आत बसली आणि पट्टा ओढून घेतला.

"नाही," ती म्हणाली.