गिरणीच्या आवाजात

ती दारात उभी राहून काहीतरी ओरडत होती. गिरणी चालू होती, म्हणून मला नुसते तिचे ओठ हलताना दिसले. कानांवर मोठे हेडफोन, हातात लांब काठी आणि काठीच्या टोकाला केसाळ माइक.

मी गिरणी बंद केली.

"दादा, दोन मिनिटं बंद ठेवाल का?" ती अजून ओरडतच होती.

"ठेवली की."

ती लाजली... मग खुदकन हसली.

शेजारच्या घरात सिनेमाचं शूटिंग चालू होतं. कादंबरीवरचा सिनेमा, दोन बहिणींचा. बाप गेल्यावर गिरणीच्या वाटणीवरून त्यांचं बोलणं तुटलेलं. पैसे कमी, माणसं कमी. आवाजाचं सगळं काम नगरची ही यामिनी एकटीच बघायची. प्रत्येक शॉटआधी ती धावत यायची आणि मी स्विच बंद करायचो. ज्वारीच्या डब्यावर बसलेली मालनबाई वैतागायची.

"अगं, तुझ्या पिक्चरातल्या बहिनी बोलंना झाल्या म्हनून आमी उपाशी ऱ्हायाचं व्हय?"

"मावशी, आज बोलतील त्या. मग दळा पोटभर."

ती गेली की मालनबाई माझ्याकडे वळायची. "मच्छिंद्र, दुसऱ्या कुनी सांगितलं असतं तर बंद केली असतीस का रं?"

मी चाळणी शोधायला लागायचो.

शॉट झाला की यामिनी चहा घेऊन यायची.

"तुमच्याकडे हसायला बंदी आहे का हो?"

"तोंड उघडलं की पीठ जातं, मॅडम."

मधेच कधीतरी 'दादा' गेलं आणि 'मच्छिंद्रराव' आलं. ते मालनबाईला माझ्याआधी ऐकू आलं.

एकदा तिनं तिचे हेडफोन माझ्या कानांवर ठेवले. आत सिनेमातली धाकटी बहीण म्हणत होती, "ताई, भांड हवं तर. पण बोल ना गं माझ्याशी."

मी हेडफोन काढून दिले.

"आवडलं नाही?"

"तसं न्हाई... आमच्या घरातबी आता कुनी बोलत न्हाई. ज्योती, माझी बायको, चार वर्षं झाली जाऊन."

निघताना ती माझ्या बाहीवरचं पीठ हलकेच झटकून गेली.

शेवटच्या दिवशी तिला गिरणीचा आवाज हवा होता. तिनं माझ्या कॉलरला एक छोटा माइक लावला. तिची बोटं गळ्याजवळ होती... मी श्वास रोखून उभा.

"नेहमीसारखं दळा. अधूनमधून 'पुढचा डबा कुणाचा' म्हणा. मी बाहेर बसते."

मालनबाईची ज्वारी ओतली, स्विच दाबला. दगडांचा आवाज वाढला आणि मी रोजच्यासारखा ज्योतीशी बोलायला लागलो. ती गेल्यापासूनची सवय. त्या आवाजात शेजारी उभ्या माणसालाही ऐकू येत नाही. कॉलरचा माइक पार विसरलो.

"ज्योती, ही उद्या चालली गं. परत या म्हनू का तिला? तुला वाईट वाटंल का? तुला इसरून न्हाई म्हनत मी... पन ती आली की बरं वाटतं."

मान वर केली तर यामिनी दारात. हेडफोन गळ्यात, डोळे भरलेले. तिनं स्वतःच स्विच बंद केला. दगड थांबायला वेळ लागतो. तोवर आम्ही नुसते एकमेकांकडे बघत राहिलो.

"काय म्हणाल्या ज्योतीताई?"

"ती... ती कधी उत्तर देत न्हाई."

"मग मलाच विचारा."

माझा हात चाळणीकडे गेला.

"इचार की रं!" मालनबाई डब्यावरून ओरडली.

"यामिनी..." मॅडम म्हणायचं राहूनच गेलं. "परत येशील?"

"आधी पुण्यात सिनेमाचं काम संपवायचंय. पण रविवारी सुट्टी असते. नगरला घरी आले की सकाळची एसटी पकडून येईन इथं मिरजगावला."

"मी स्टँडवर येतो."

"या. एकच अट आहे. ज्योतीताईंशी बोलणं बंद करायचं नाही. फक्त माझ्याशी बोलताना गिरणी चालू ठेवायची नाही."

मी हसलो. तोंडात पीठ गेलं, तरी हसत राहिलो.

मालनबाईनं कपाळाला हात लावला. तिचं दळण अर्धंच झालं होतं आणि मी काही स्विचकडे जात नव्हतो.