शेजारची सीट

प्रेमापुढं काळसुद्धा थांबतो. भुपेंद्रची पिकअप मात्र इंजिन तापल्यामुळं थांबली. तीही भंडाऱ्यात, दामिनीच्या सीट-कव्हरच्या दुकानासमोर.

तो पाणी मागायला उतरला. दामिनीनं बाटली दिली आणि गाडीत डोकावली. गाडी त्याच्या वडिलांची, त्याच्याहून वयानं मोठी. छताचं कापड लोंबत होतं, दारांचं रेक्झिन फाटलं होतं. आडवी सलग सीट ड्रायव्हरच्या बाजूला खड्डा पडलेली, आणि दुसऱ्या बाजूला… अगदी कोरी.

“इकडं कोणी बसत नाई का, भाऊ?”

आमच्याकडं ओळख असो-नसो, प्रत्येक पुरुष भाऊच. प्रेमाला सुरुवातच उणे खात्यातून करावी लागते.

“बसते ना. डबा बसते… कधी छत्री.”

ती हसली नाही. भुपेंद्रच्या आसगावच्या घरी तर हसायलाही दुसरं कोणी नव्हतं.

गाडी आतून नवी करायला तिच्याकडंच राहिली. भुपेंद्र दर आठवड्याला एसटीनं काम बघायला येऊ लागला. छत झालं, दारं झाली. प्रत्येक वेळी ‘वा’ म्हणताना त्याचा चेहरा उतरे. गाडी पूर्ण झाली, की मग इथं यायचं काहून?

शेवटी सीट उरली. दामिनी बसणाऱ्याच्या मापानंच फोम भरायची. तिनं त्याला बसवलं, खांद्यामागं हात नेऊन खडूची खूण केली. तो श्वास रोखून बसला.

“फोम चिकटवायच्या सोल्यूशनचा वास चढला का, भाऊ?”

“हो… तोच.”

“अन् शेजारी कोण बसन? तिले घेऊन या. माप घ्या लागते.”

पुढच्या आठवड्यात तो आला. इस्त्रीचा शर्ट, आणि एकटाच. येऊन गाडीत आपल्या जागी बसला.

“नाई आली?”

“आली हाये… कव्वाची. तुमच्या दुकानातच हाये.”

दामिनीनं मागं वळून पाहिलं. दुकानात शिलाई मशीन होतं. ते सीटवर बसण्यासारखं नव्हतं.

मग ती हळूच गाडीत चढली. त्याच्या शेजारी, कोऱ्या बाजूला बसली. खडू काढला आणि स्वतःभोवती, खाली मान घालून, एक रेघ ओढली.

“भुपेंद्र…”

पुढं ‘भाऊ’ येईल म्हणून तो थांबला. आलं नाही. आणखी थांबला. आलंच नाही. त्याचे डोळे भरून आले.

“बोल ना…”

“जरा उठता का? माही कैची तुमच्याखाली हाये.”