दोन मिनिटांनी बदल

हे मी अजून माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

ज्यांना वाटेल की बाई रचून सांगतेय, त्यांनी पुढे वाचलं नाही तरी माझी हरकत नाही. मला भुताखेतांची हौस नाही. मी लॉन्ड्रीत सुपरवायझर आहे. हॉस्पिटलांच्या चादरी येतात, त्या मोजून घेते, धुतल्या की मोजून देते. दिवसाला बाराशे. माझ्या डोक्यात कल्पना करायला जागाच उरत नाही.

जे झालं ते भर दुपारी झालं. रविवारी, दोन वाजून वीस मिनिटांनी. वेळ पक्की आठवते, कारण हॉलमधलं मोठं घड्याळ माझ्या समोरच होतं.

रविवारी आमची लॉन्ड्री बंद असते. पण एका हॉस्पिटलच्या फाटक्या चादरी सोमवारी सकाळी शिवून परत द्यायच्या होत्या. म्हणून आम्ही दोघंच आलो होतो. मी आणि माझे सासरे.

सासरे, म्हणजे आमचे बाबा, तिथेच शिलाईचं काम करतात. माझ्याही आधीपासून.

खरं सांगते, आमचं दोघांचं कधी पटलं नाही. लग्नाच्या अकरा वर्षांत सरळ बोलणं असं झालंच नाही. मालकांनी मला प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणाला पाठवलं, तर घरी आल्यावर सगळ्यांसमोर म्हणाले, "दोन दिवस प्लास्टिकच्या बाहुलीची छाती दाबून आली, आता डॉक्टरीणबाई म्हणायचं का हिला?"

मीही काही कमी नाही. म्हटलं, "तुम्ही पडलात की कळेल कोण उपयोगी पडतं ते."

बोलून गेले. रागात माणूस काय वाट्टेल ते बोलतो.

त्या दुपारी सगळी मशिनं बंद होती. एरवी त्या हॉलमध्ये शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं. त्या दिवशी फक्त बाबांच्या शिलाई मशीनचा आवाज येत होता. मी दुसऱ्या टोकाला चादरींच्या घड्या घालत होते.

मशीन चाललं... थांबलं... चाललं...

मग थांबलं ते थांबलंच.

मला वाटलं, दोरा तुटला असेल.

मग... कात्री फरशीवर पडली.

"बाबा?"



मी ट्रॉली ढकलून धावले. बाबा खुर्ची आणि मशीनच्या मध्ये पडले होते. डोळे अर्धे उघडे. खांदे हलवले, हाका मारल्या. घशातून एकदा घोरल्यासारखा आवाज आला. मग काहीच नाही. प्रशिक्षणात शिकवलं होतं की असं घोरणं म्हणजे श्वास नव्हे.

नवरा परगावी, सासूबाई घरी. यांना काही झालं तर मी त्या घरात कोणत्या तोंडाने जाऊ? आणि मी बोलून गेलेलं ते वाक्य...

ॲम्ब्युलन्सला फोन लावला. स्पीकर चालू करून फोन फरशीवर ठेवला.

"ताई, ऐका," पलीकडची बाई म्हणाली. आवाज शांत होता. "गाडी निघालीये. पंधरा मिनिटं लागतील. तोवर तुम्हालाच करायचंय. तळहात छातीच्या मधोमध. जोरात आणि भरभर. माझ्याबरोबर मोजा."

अकरा वर्षांत मी या माणसाला साधा हात लावला नव्हता. आता त्यांच्या शर्टाची बटणं ओढून तोडली आणि बनियनवर दोन्ही हात रोवले.

एक. दोन. तीन. चार.

आठव्या दाबाला हाताखाली कडक् आवाज झाला. मी किंचाळले.

"बरगडी असेल, ताई. होतं तसं. हात काढू नका. दाबत राहा."

दाबत राहिले. घाम डोळ्यांत उतरत होता. बाहुलीला दाबणं वेगळं आणि माणसाला दाबणं वेगळं. माणूस खाली ऊबदार असतो. दीड मिनिटातच माझे दंड भरून आले.

"छान चाललंय," फोनवरची बाई म्हणाली. "दोघी आहात ते बरंय. दोन मिनिटं झाली की बदल करा. दमल्यावर हात हलका पडतो."

"दोघी कुठे? मी एकटी आहे हो इथे!"



"ताई, मग तुमच्या मागे मोजतंय कोण?"

मी मागे वळले नाही. वळले असते तर हात थांबले असते.

फक्त कान दिले.

एकवीस... मी म्हटलं.

एकवीस... माझ्या उजव्या खांद्यामागून कोणीतरी म्हणालं. बाईचा आवाज. हळू, अगदी जवळून.

हॉल रिकामा आहे, आवाज घुमतोय, मी स्वतःला समजावलं. बावीस म्हटलं. घाबरून पुढचा आकडा चुकले. थेट चोवीस म्हणाले.

"तेवीस," मागून आवाज आला.

घुमणारा आवाज चूक दुरुस्त करत नाही.

पण दाबत राहिले. घड्याळाचा काटा पुढे सरकला, आणि कानाशीच शब्द आला.

"बदल."

मी हात काढले नाहीत. देवाशपथ सांगते, काढले नाहीत. ते बाजूला सारले गेले. काहीतरी गार माझ्या बोटांखाली शिरलं आणि मी मागच्या मागे फरशीवर बसले.

आणि बाबांची छाती...

खाली जात होती. वर येत होती. खाली जात होती.

तिथे कोणीही नव्हतं. बनियनला मधोमध खळगा पडत होता, तळहाताएवढा. उघडा शर्ट दोन्ही बाजूंना हलत होता. आणि कोणीतरी मोजत होतं. एक, दोन, तीन...

तुम्ही म्हणाल, बाई, पळाली का नाहीस?

पळून कुठे जाऊ? सासरे तिथे पडले होते ना! माझ्या मनात त्या क्षणी एकच विचार आला. जे कोणी असेल ते असो. दाबतंय ना? दाबू दे.

दोन मिनिटांनी पुन्हा "बदल". या वेळी मी तयार होते. हात ठेवले, खालचं गार निघून गेलं, मी दाबायला लागले. मग ती. मग मी. मग ती.

हसाल तुम्ही, पण तिसऱ्या खेपेला तिचा हात जरा वरवर पडतोय असं मला वाटलं. मी सुपरवायझर. तोंडातून निघूनच गेलं, "अगं, खोल दाब जरा!"

खळगा खोल झाला.

फोनवरची बाई सगळं ऐकत होती. बराच वेळ ती फक्त "हं, हं" करत होती. मग म्हणाली, "गाडीची माणसं आत येऊन थांबा म्हणतील, तेव्हाच थांबायचं." जरा घुटमळली आणि म्हणाली, "दोघींनीही."

तिचा आवाज आता शांत नव्हता.

गाडी आली तेव्हा पाळी माझी नव्हती.

मागच्या दारातून दोघं जण पेटी घेऊन धावत आले. पुढचा माझ्यावर खेकसला, "अहो, नुसत्या बसलात काय? दाबा की!" त्याने गुडघे टेकले आणि स्वतःचे हात बाबांच्या छातीवर ठेवले.

ठेवले आणि... चटका बसल्यासारखे मागे घेतले.

त्याने आपल्या तळव्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे. बाबांच्या मानेवर बोटं ठेवून बघितलं.

"नाडी आहे," तो जोडीदाराला म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "थांबा ताई. तुम्ही बाजूला व्हा."

मला म्हणाला. फक्त मला.

हे माझ्या लक्षात यायला दोन महिने गेले.

बाबा वाचले. बारा दिवस हॉस्पिटलात होते. शाबासकी म्हणून लॉन्ड्रीत माझा फोटो लावला. सासूबाईंनी माझा हात हातात घेतला तो सोडेचनात. आणि बाबा, ज्यांनी जन्मात माझं कौतुक केलं नव्हतं, ते शुद्धीवर आल्यावर मला म्हणाले, "काय गं सूनबाई, बाहुली बरी की मी?"

मी तिथेच ढसाढसा रडले.

मग त्यांनी आवाज खाली आणला. "आणि ती दुसरी कोण गं? हात फार गार होते तिचे."

"नर्स असेल, बाबा," मी म्हटलं.

त्यानंतर मी लॉन्ड्रीत सगळ्यांना खोदून खोदून विचारलं. इथे कधी कोणी गेलं होतं का? अपघात? आजारपण? आमचा वॉचमन पहिल्या दिवसापासून आहे. तो हसला. इमारत नऊ वर्षांची, त्याआधी मोकळी जागा. कोणीही मेलेलं नाही. काहीतरी कळलं असतं तर मनाला तेवढाच आधार. पण काहीच नाही.

घरी आल्यापासून बाबा एकच तक्रार करायचे. छातीवर भार आहे. डॉक्टर म्हणाले, बरगड्या मोडल्यात, सहा आठवडे दुखणारच. सहा आठवडे झाले. बरगड्या जुळल्या. भार तसाच.

आणि नाडी. मिनिटाला एकशे दहा. झोपेत एकशे दहा. जिना चढल्यावर एकशे दहा. तीनदा गोळ्या बदलल्या, आकडा हलला नाही. डॉक्टर म्हणाले, "इतकी एकसारखी नाडी मी बघितली नाही."

मी बघितली होती. आम्हाला दाबायला शिकवलं होतं ते याच वेगाने.

मग एका दुपारी बाबा खोलीत उताणे झोपले होते. मी पाण्याचा तांब्या ठेवायला गेले. पंखा बंद होता. त्यांचा श्वास संथ चालला होता.

पण बनियन...

बनियनला मधोमध बारीक खळगा पडत होता. भरत होता. पडत होता.

तेव्हा मला कळलं. तिला कोणी थांब म्हटलंच नव्हतं.

म्हणायला किती वेळ लागतो? पण बाबांचं हृदय आपलं आपण चालतंय, की तीच चालवतेय? ती थांबली आणि तेही थांबलं तर? मी तोंड मिटून बाहेर आले. त्या दिवसापासून आमच्या घरात कोणी मुलांना नुसतं "थांब" म्हणून ओरडलं तरी मी आधी बाबांच्या खोलीत धावते.

गेल्या महिन्यापासून नाडी मध्येच चुकायला लागली. एखादा ठोका गायब. मग पुन्हा एकशे दहा.

बाबांनी मला जवळ बोलावलं. "सूनबाई, ती दमलीये गं."

गुरुवारी सासूबाई बाहेर गेल्या होत्या. मी खाटेपाशी गुडघे टेकले. बाबा जागे होते. मी त्यांच्या छातीवर तळहात नुसता टेकवला, दाबला नाही.

"बदल," मी म्हटलं.

हाताखालून गार काहीतरी निघालं. माझ्या शेजारी फरशीवर कोणीतरी बसलं. मला धापा ऐकू येत होत्या.

बनियन सपाट. खळगा नाही.

एक...

काही नाही.

दोन... तीन... चार...

बाबा माझ्याकडे बघत होते. ओठ पांढरे पडत चालले होते.

पाच...

आणि मग माझ्या तळहाताखाली एक ठोका पडला. कमजोर, वाकडातिकडा. तिचा नव्हता तो. बाबांचा होता.

फक्त दुसऱ्या ठोक्याची वाट बघायची होती. तो आला असता तर सगळं सुटलं असतं. एवढंच करायचं होतं मला.

नाही जमलं.

"घे!" मी ओरडले. "घे परत!"

माझा हात बाजूला सारला गेला. एकशे दहा.

बाबांच्या ओठांवर रंग आला. ते बराच वेळ छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "का गं?"

एवढंच. त्यानंतर तो विषय त्यांनी काढला नाही. मीही नाही.

काल तासाभरात चार ठोके चुकले. मी खाटेशी बसून मोजले. आता तिच्या धापा हात न लावताही ऐकू येतात.

दुसरा ठोका आला असता का, मला माहीत नाही.

पण पुढच्या वेळी "बदल" मी नाही, ती म्हणणार आहे.