उताराखालची पाटी

डॉ. एडकेंनी बोलावलं म्हणून मंदाकिनी फणसे अंतराळातल्या चक्रनगरच्या परिवलन प्रयोगशाळेत आली, ती आपलं मत पक्कं करूनच. उद्या चौकशी समितीपुढे तिची साक्ष होती आणि त्या साक्षीवर सगुणा तांडेलचा तुरुंगवास ठरणार होता. सगुणा दवाखान्याची औषधं सायकलवरून घरोघर पोचवायची. नगराच्या केंद्रातून खाली येणारा नवा उतार खुला झाला आणि त्याच आठवड्यात, उताराच्या पायथ्याच्या रस्त्यावर, तिच्या सायकलची धडक बसून माळी रामनाथ शेट्ये गेले. रामनाथकाकांनी पिकवलेली भाजी खाल्ली नाही असं घर नगरात नव्हतं. मंदाकिनीही त्यांच्यासाठी रडली होती.

त्या सायकलमार्गावरच्या पाट्या आणि पट्टे तिनंच आखले होते.

"पाटी माणसाएवढी आहे, डॉक्टर," ती म्हणाली. "खाली ठसठशीत पांढरा पट्टा. इथं वजन पृथ्वीच्या सहाव्या हिश्शाएवढं, सायकल थांबायला सहापट अंतर लागतं, म्हणून 'थांबा'ची पाटी मी सहापट आधी लावली. आणखी काय करायचं? टायर घासल्याची खूणसुद्धा नाही. हिनं ब्रेक लावलाच नाही."

कोपऱ्यातल्या बाकावर सगुणा बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "दाबला होता हो, ताई. दोन्ही हातांनी."

"नाचता येईना..."

"अंगण खरंच वाकडं आहे, मंदाताई," डॉ. एडके शांतपणे म्हणाले. नगराच्या फिरण्याचं सगळं गणित त्यांच्याकडे असे. "इथं आपल्याला वजन येतं कशामुळे?"

"नगर चाकासारखं फिरतं म्हणून. ते आपल्यालाही गरगर फिरवतं, आणि आपण जमिनीवर दाबले जातो."

"आता नगराच्या उलट दिशेनं, नगराच्याच वेगानं कुणी सायकल हाणली तर?"

मंदाकिनी थबकली. "त्याचं फिरणं रद्द होईल."

"आणि वजनही. वजन नाही तर चाकाला पकड नाही. पकड नसताना टायर घासणार कसा? नवा उतार माणसाला नेमका उलट दिशेनं सोडतो आणि जवळजवळ तेवढाच वेग देतो. पायडल मारायचीसुद्धा गरज नाही."

मंदाकिनीचं सहापटीचं गणित बरोबर होतं, पण ते उभ्या माणसाच्या वजनाचं होतं.

"ही अचल गोदीतली चित्रफीत," एडके म्हणाले. अंतराळयानं लागतात ती गोदी केंद्राशी असूनही नगराबरोबर फिरत नाही. तिथला कॅमेरा रस्त्याच्या काचेच्या छतातून खाली पाहतो.

पडद्यावर सगुणा दिसली. चाकं घट्ट आवळलेली, दोन्ही मुठी ब्रेकवर. ती जागची हलत नव्हती. हलत होता रस्ता. मंदाकिनीची पाटी तिच्याजवळून मागे गेली, पांढरा पट्टा गेला, मग घरं, झाडं. शेवटी रस्ता ओलांडायला निघालेले रामनाथकाका आले. नगरानं त्यांना ताशी पस्तीस किलोमीटरनं आणून तिच्यावर आदळलं.

एडकेंनी चित्रफीत थांबवली.

"म्हणजे मी थांबले होते?" सगुणानं विचारलं.

"हो," मंदाकिनी म्हणाली. "साऱ्या नगरात तू एकटीच. उद्या मी समितीला हेच सांगेन. तू सुटशील."

पोरगी आता सुटकेचा श्वास टाकेल असं तिला वाटलं. सगुणा मात्र ओंजळीत तोंड लपवून हमसाहमशी रडू लागली.

"मग ताई, बाजूला व्हा म्हणून काकांना कुणीतरी सांगायला हवं होतं ना?"

त्या मार्गावर मंदाकिनीनं जेवढ्या पाट्या लावल्या होत्या, त्या सगळ्यांची तोंडं सायकलवाल्याकडे होती.