कापलेला विसावा

बसा, पंख्याखाली बसा. कूलरचं पाणी संपलंय आणि नळ उद्या येणार आहे. अमरावतीहून एवढ्या उन्हात तुम्ही डफड्याच्या पॅकसाठी आलात. आधी फोन केला असता तर मी तिथेच नाही म्हटलं असतं. किशोर घरी नाही. त्याच्या आईंचा फोन आला म्हणून सकाळीच हिवरखेडला गेला. आणि तो पॅक आम्ही आता कोणालाच देत नाही.

कावून, ते सांगते. आधी पाणी प्या.

मी रागिणी, किशोरची बायको. कॉलेजात शिकवते म्हणून तोंडात पुस्तकी मराठी बसलीय. राग आला की वऱ्हाडी निघते. तुम्ही गाणी कॉम्प्युटरवर बांधता, तुम्हाला किशोरचा धंदा समजावायला नको. माझ्या माहेरी मात्र अजून कोणाला कळलेला नाही. त्यांना मी सांगते, तयार मसाल्याची पुडी मिळते ना, तसे हे तयार आवाज. कोणी ढोल वाजवलेला, कोणी टाळी दिलेली, त्याचे छोटे छोटे तुकडे करायचे, एकत्र बांधून पॅक करायचा आणि विकायचा. घेणारा ते आपल्या गाण्यात टाकतो. वाजवणाऱ्याचं तोंडही त्याने पाहिलेलं नसतं.

आमचा सगळ्यात जास्त खपला तो वऱ्हाडी डफड्याचा पॅक. त्यातलं डफडं माझ्या सासऱ्यांचं, जानरावांचं. हिवरखेड आणि आसपासच्या गावांत लग्न असो, पोळा असो की मयत असो, सगळ्यांच्या पुढे बाबाच. लहानपणी डावा पाय बैलगाडीखाली सापडला होता, तो जन्मभर ओढत चालले. तरी पुढेच.

रेकॉर्डिंग याच खोलीत झालं. भिंतींना गाद्या उभ्या केल्या, आवाज नको म्हणून पंखा बंद. बाबा घामाने निथळत होते, पण खुशीत होते. लग्नाचा ताल दिला, पोळ्याचा दिला. मग किशोर म्हणाला, "बाबा, आता मौतीचा द्या."

बाबांचा हात जागीच राहिला. "घरात नाई वाजवत तो."

पोरगा हट्टी. माईक घेऊन त्यांच्या मागे हिवरखेडला गेला. मीही गेले. गावातून स्मशानाकडे जाताना अर्ध्या वाटेवर, बाभळीखाली विसाव्याचा दगड आहे. तिथे बाबांनी तुराट्या, तुरीच्या वाळक्या काड्या, पेटवल्या आणि त्यावर डफडं शेकलं. कातडं तापलं की त्याचा एक वास येतो, धुराचा आणि जनावराचा, जरासा गोडसर. तो वास लक्षात ठेवा.

मौतीचा ताल संथ. ऐकता ऐकता आपलं पाऊलही त्याच्या मापात पडायला लागतं. बाबा वाजवत होते आणि मध्येच थांबले. डफडं पालथं जमिनीवर ठेवलं आणि खाली मान घालून उभे राहिले. वाऱ्याशिवाय काही नाही. किशोर हाताने खुणावतोय, वाजवा, वाजवा. बाबा ढिम्म हलले नाहीत. बऱ्याच वेळाने डफडं उचललं तेव्हा हात वेगळाच लागला. हलका, पुढे ढकलणारा.

"मधात कावून थांबले, बाबा?"

"इथं तिरडी ठेवतात ना, बाप्पा. खांदा बदलतात. मुर्दा टेकते. हात थांबला का त्याले समजते, आपलं गाव इथंच सरलं. मंग पुढचा हात त्याले नेते." डफड्याची काडी कानामागे खोचत म्हणाले, "नाई थांबलं तं तो मांगंपुढंच करत राह्यते."

अकोल्याला आल्यावर किशोर इथे, याच टेबलाशी बसला. स्क्रीनवर ती शांतता सरळ रेघ दिसत होती. ती त्याने काढून टाकली. पुढचा हातही काढला, कारण तो आधीच्याशी जुळत नव्हता. लूपला सांधा दिसता कामा नये. शेवटचा ठोका पहिल्यात मिसळला पाहिजे, म्हणजे हवा तितका वेळ फिरवता येतो. मी विचारलं, तर म्हणाला, "रिकामं हाय ते." त्याला मी आजही दोष देत नाही. तुमच्या या धंद्यात रिकामी जागा कोण घेतो?

पॅक धावला. लग्नाच्या डीजेवाल्यांनी तो मौतीचाच ताल वेग वाढवून घेतला, पोरं त्यावर नाचायला लागली. आणि ज्या गावांत डफडं वाजवणारं कोणी उरलं नव्हतं, तिथे मयतीलाही पिकअपवर स्पीकर बांधून तोच लूप लागायला लागला. अकोटपासून धारणीपर्यंत.

माघात बाबा गेले. थंडीने छाती भरली, ती मोकळी झालीच नाही. हिवरखेडात डफडं वाजवणारे ते शेवटचे. त्यांच्यापुढे वाजवायला कोण? पोरांनी पिकअप आणली, लूप लावला. किशोर रडत रडत मला म्हणाला, "बाबाच बाबाले पोचवून राह्यले, रागिणी." खरं सांगते, मलाही तेव्हा ते फार चांगलं वाटलं.

आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत. सासूबाई, बेबीताई त्यांचं नाव, ओट्यावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. बाकीच्या रडत होत्या. आई कान देऊन होत्या. ताल लांब लांब गेला, आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

"थांबला नाई, पोरी."

"काय, आई?"

"विसावा आला असन आता. ताल थांबला नाई..."

तिरडी दगडावर ठेवली होती, खांदाही बदलला होता, हे किशोरने नंतर सांगितलं. पण पिकअप पुढे होती, तिच्यातल्या पोराने मागे पाहिलं नाही. लूप फिरतच राहिला. मी आईंना म्हटलं, असू द्या. दुसरं काय म्हणणार होते?

वैशाखात मी आईंना अकोल्याला आणायला गेले. हिवरखेडला उन्हाळ्यात दुपारभर लाइट नसते, एकटी बाई, जेवते की नाही कोणाला ठाऊक. मी पिशवी भरायला घेतली, तर त्या जागच्या हलेनात.

"ते आले अन् मी घरी नसली तं?"

"कोण येते, आई?"

त्यांनी खुंटीवरच्या डफड्याकडे पाहिलं. मी चिडले. "असं बोलून राह्यल्या तं लोक येडी म्हणतीन तुमाले," म्हटलं. त्या उठल्या, पाण्याचा लोटा भरला आणि ओट्याच्या पायरीवर ठेवून आल्या.

भर दुपार होती. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. पलीकडच्या वस्तीत कोणाची हळद होती, तिथे जनरेटरवर डीजे लागला. वरचं गाणं कुठलंही असो, खाली आमचा लूप होता. तो मी झोपेतही ओळखते. आणि पाठोपाठ तो वास आला. तुराट्यांचा धूर, तापलेलं कातडं. मी उठून चुलीत हात घालून पाहिला. राख थंड होती.

मग रस्त्यावर पाऊल वाजलं. एक टेकलेलं... एक ओढलेलं. एक टेकलेलं... एक ओढलेलं. पायरीपर्यंत आलं, थांबलं, वळलं. विसाव्याच्या दिशेने गेलं आणि पुन्हा आलं. लूपचा पहिला ठोका पडला की पायरीपाशी वळायचं, दर वेळी तिथेच. मी दारातच उभी होते. समोर रस्ता पांढराफटक पडलेला, नजर जाईल तिथवर मोकळा.

"आई..."

"बोलू नको. दमले हायेत ते." आईंच्या डोळ्यांना धार लागली होती. "पायाले फोड आले असतीन. उनातानाचे चालूनच राह्यले. मी पानी ठेवतो तं घेत नाईत. बसतच नाईत, पोरी. त्याइले बसता येत नाई."

डीजे बंद झाला तेव्हा पाऊलही बंद झालं. लोटा तसाच भरलेला.

मी किशोरला फोन लावला, न कापलेला ताल घेऊन ये म्हटलं. एक बरं, तो मूळचं रेकॉर्डिंग कधी पुसत नाही. कापलेली शांतता, पुढचा हात, सगळं त्याच्याकडे होतं. ऊन उतरता उतरता तो स्पीकर घेऊन आला. त्याला मी दारातच वऱ्हाडीत काय काय ऐकवलं, ते जाऊ द्या.

दिवेलागणीला आम्ही तिघं विसाव्याकडे निघालो. "माय, तू नको येऊ तिकडं," किशोर म्हणाला.

"मंग कोन बसवन त्याइले?" आई म्हणाल्या आणि पुढे झाल्या. एका हातात लोटा. दुसऱ्या हातात खुंटीवरून काढलेलं डफडं. ते कशाला, मी विचारलं नाही.

बाभळीखाली स्पीकर ठेवला. बाबांचा ताल सुरू झाला, संथ, जसा त्या दिवशी होता तसा. थोड्या वेळाने आमच्या मागे धुळीत पाऊल आलं. टेकलेलं, ओढलेलं. आम्ही कोणी वळलो नाही. मग ताल थांबला.

शांत झालं. कोणीतरी दगडाजवळ बसलं. म्हातारं माणूस गुडघ्यावर हात देऊन बसतं तसं, हळूहळू, श्वास सोडत. आईंनी लोटा पुढे सरकवला. "घ्या," म्हणाल्या. "टेका थोडकं." पाण्याचा घोट घशातून उतरल्याचा आवाज मी ऐकला, आणि मला हुंदका आवरेना. वाटलं, सुटले. एकदाचे सुटले बाबा.

मग बाभळीच्या पलीकडे आणखी कोणी बसलं.

मग आणखी एक. तिच्या हातात बांगड्या होत्या, त्या किणकिणल्या. मग रस्त्याच्या कडेकडेने, आमच्या मागे दूरवर, एकामागून एक... धूळ दबत गेली, गुडघे वाजत गेले. कोणी कण्हलं, कोणी नुसताच उसासा टाकला. किशोरने माझा हात धरला. आम्हाला दोघांनाही एकदमच कळलं. ज्यांच्या ज्यांच्या मयतीला आमचा लूप लागला होता, ते सगळे आले होते. कोणाचाच विसावा झाला नव्हता.

"किती हायेत रे?" आईंनी हळूच विचारलं.

किशोर मोबाइलकडे पाहत होता. रेकॉर्डिंगमधली शांतता कधीच संपायला हवी होती. स्क्रीनवर वेळ सरकत होती, पण ताल येत नव्हता. शेवटचं माणूस बसेपर्यंत तो आला नाही.

"मी पानी एकाचंच आनलं," आई म्हणाल्या. मग डफड्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "मले वाटे, ते माह्यासाठी येतात दारात. ते हे घ्यायले येत होते." त्यांनी डफडं दगडावर ठेवलं, काडी त्याच्यावर आडवी ठेवली. "एवढ्या मानसाइले त्याइच्याबिगर कोन नेईन?"

पुढचा हात सुरू झाला. स्पीकरमधून की दगडावरून, ते मी शपथेवर सांगू शकत नाही. अंधार पडला होता आणि त्या बाजूला बघायची माझी हिंमत नव्हती. ओढलेलं पाऊल सगळ्यांच्या पुढे निघालं. बाकीची मागून गेली, स्मशानाच्या वाटेने. बराच वेळ जात होती.

दुसऱ्या दिवशी किशोरने पॅक बंद केला. पण जो गेला तो गेला, गावोगावच्या मोबाइलमधून तो परत कसा मागणार? अजून कुठे ना कुठे मयतीला तो लागतोच. म्हणून आई हिवरखेडलाच राहिल्या. सकाळी दगडावर तसंच सापडलेलं डफडं त्यांनी दाराबाहेर खुंटी ठोकून टांगलंय, ओट्यावर पाण्याचा मोठा माठ भरून ठेवतात. अधूनमधून दुपारी खुंटी रिकामी असते. सांजेला डफडं जागेवर येतं, आणि त्याचं कातडं गरम असतं. तुम्ही विश्वास ठेवा असं मी म्हणत नाही. मी त्याला हात लावलाय.

आज सकाळी आईंचा फोन आला. आवाज अगदी साधा, भाजी काय केली विचारावं तसा.

"डफडं आज पहाटीच गेलं खुंटीवरून," म्हणाल्या. "अन् आता ते दाराशी आले हायेत. संगं कोनी नाई. आज वळून नाई राह्यले... उभेच हायेत."

किशोर तेव्हाच चपला घालायला लागला.

"पोरी, कोनाले न्यायले आले, इचारू का?"

मी म्हटलं, नका विचारू, आई. किशोर निघालाय. तो येईपर्यंत काही विचारू नका.

त्याला पोचून आता बराच वेळ झाला असेल. तो फोन उचलत नाही. आईंचा लागतो. तुम्ही यायच्या आधीच लावला होता, कोणीतरी उचललाही. पण बोललं कोणी नाही. पलीकडे नुसत्या तुराट्या तडतडत होत्या.